तीन वर्षांची जागा

केरामिकोस ह्या प्राचीन स्मशानातल्या थडग्यांच्या रस्त्यावर उभी राहून मी तीस पाहुण्यांना हेगेसोची ओळख करून देत होते. बाई मरून चोवीसशे वर्षं झाली, पण दगडात अजून खुर्चीवर ऐटीत बसली आहे आणि समोर दासी उभी आहे. पाहुणे सकाळी बोटीवरून उतरले होते. आठ वाजता अक्रोपोलिस, मग जुना बाजारचौक, मग हे स्मशान, आणि त्यानंतर ज्यासाठी ते खरे आले होते ती दुकानं. मी हे सव्वीस वर्षं करते आहे. कुठल्या दगडापाशी कोण काय विचारणार, हे मला झोपेत सांगता येतं.

एका टोपीवाल्या आजोबांनी विचारलं, "मग हिची हाडं अजून खालीच असतील का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. मारिगो आत्या होती. माझ्या बाबांची बहीण, वय एक्याऐंशी.

"एव्हांथिया, कुठे उलथलीयस गं?"

"कामावर आहे, आत्या. स्ट्रॅटिस पोचला ना?"

"कसला स्ट्रॅटिस नि कसलं काय! इथे मी आहे, पाद्री आहे आणि तो फावडंवाला आहे. मेलेल्याच्या नावाने वाटायला शिजवून आणलेला गहू गार झाला. फावडंवाला म्हणतो, बारापर्यंत थांबतो, मग बाहेर काढतो. पोटच्या पोराची सही हवी, बहिणीची चालत नाही म्हणे. सही नसली तर माझ्या भावाला खड्ड्यात टाकणार!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या अथेन्समध्ये मेलेल्या माणसाला तीन वर्षं जागा मिळते. तीन वर्षं भरली की त्याला उकरायचं, हाडं लाल वाइनने धुवायची आणि नाव-फोटो लावून डब्यात ठेवायची. घरचं कोणी उभं नसेल, तर हाडं बेवारशांच्या खड्ड्यात जातात. हेगेसोला चोवीसशे वर्षं आणि माझ्या बाबांना तीन! आणि ह्याच बाबांनी ह्याच केरामिकोसमध्ये एकतीस वर्षं पहारेकऱ्याची नोकरी केली होती. कोणी थडग्याला हात लावला की शिट्टी वाजवायची आणि खेकसायचं. परक्यांचे मुडदे जन्मभर राखले, त्याचं हे फळ.

मी धाकट्या भावाला फोन लावला. मागे लाटांचा आवाज येत होता.

"स्ट्रॅटिस, कुठे आहेस तू?"

"एजिना बेटावर, ताई. मासे धरायला आलोय. का गं?"

"आज गुरुवार आहे. बाबांना उकरायचंय आज."

"अगं पण आज संप आहे ना! पालिकेचा संप, बसचा संप, सगळ्यांचा संप. स्मशान बंदच असणार. मला वाटलं, पुढची तारीख देतील."

"संप काल रात्री मागे घेतला, गाढवा! बातम्या ऐकायला कान भाड्याने दिलेत का?"

"सकाळी सहाच्या बोटीने निघालो मी, कुठून ऐकणार? आता पुढची बोट एक वाजता आहे." मग तो म्हणाला, "ताई, तू जा ना. तू जवळच आहेस."

तू जा ना! हे तीन शब्द मी जन्मभर ऐकत आले. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा तू जा ना. बाबा आंधळे झाले, तेव्हाही तू जा ना. नऊ वर्षं मी त्यांना न्हाऊमाखू घातलं, सूप भरवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि घर कोणाला मिळालं? स्ट्रॅटिसला. कारण स्ट्रॅटिसने आपल्या मुलाला बाबांचं नाव ठेवलं, सारांडिस. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला लागतं आणि घर नावाच्या मागे जातं. मला एकच मुलगी, तिला रीतीप्रमाणे सासूचं नाव. बाबांनी वकिलाकडे जाऊन गुपचूप कागद करून टाकला आणि मला मरेपर्यंत सांगितलं नाही. दफनाच्या तिसऱ्या दिवशी, कॉफी पिताना, मला ते भावाच्या बायकोकडून कळलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तीन वर्षं मी ते गिळून बसले आहे.

तरीही मी निघाले. का, ते विचारू नका. स्वतःला विचारलं असतं तर पाय उचलला नसता.

बसचा ड्रायव्हर थोडोरिस दारापाशी सिगारेट ओढत होता. मी म्हटलं, "माझ्या बाबांना आज उकरून काढताहेत आणि सही करायला तिथे कोणी नाही. ह्या लोकांना दुकानांच्या गल्लीत सोड आणि साडेबाराला गोळा कर."

त्याने सिगारेट विझवली. "जा तू. मला काय, मेंढरं हाकायची सवय आहे. ऑफिसला काय सांगू?"

"खरं सांग."

ऑफिसात बातमी लगेच पोचली. टॅक्सीत बसते न बसते तोच ऑफिसातल्या कालिरोईबाईंचा फोन. "एव्हांथिया, गट सोडून गेलीस? पुढच्या आठवड्याच्या बोटी तुला मिळतील असं समजू नकोस."

"कालिरोईबाई, माझ्या बापाला खड्ड्यात टाकताहेत."

"मग आधी सुट्टी घ्यायची."

"ज्याने घ्यायची तो मासे मारतोय!" मी फोन बंद केला. बोटी गेल्या खड्ड्यात.

टॅक्सी मात्र जागची हलत नव्हती. पुढे गाड्याच गाड्या. टॅक्सीवाला स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "बघा, संप म्हणून सगळ्यांनी आपापल्या गाड्या काढल्या."

"संप मागे घेतलाय."

"काय सांगता! कधी?"

"काल रात्री."

"मग मी उगाच काल दोन तास रांगेत उभा राहून टाकी भरली म्हणायची." तो मोठ्याने हसला आणि आरशातून माझं तोंड पाहून त्याने हसू आवरलं. पुढे त्याने फुटपाथवरून, एका पेरिप्टेरोवाल्याची, म्हणजे टपरीवाल्याची, वर्तमानपत्रं उडवत, गाडी काढली. पेरिप्टेरोवाल्याने हाताचा पंजा आमच्या तोंडावर रोखून, ही आमच्याकडची मोठी शिवी, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही खिडकीतून त्याच्या पिढ्या मोजल्या. तेवढंच बरं वाटलं.

स्मशानात पोचले तेव्हा बाराला सहा मिनिटं होती. सरूच्या झाडाखाली आत्या काळ्या कपड्यांत, मांडीवर गव्हाचं ताट आणि पायाशी वाइनची बाटली घेऊन बसली होती. पाद्री घड्याळ बघत होता. फावडंवाला चाळिशीचा, दणकट आणि स्वभावाने वाईट नव्हता.

"तुम्ही मुलगी? इथे सही करा," तो म्हणाला. मी केली. त्याने कमरेपर्यंत आधीच उकरून ठेवलं होतं. तो खाली उतरला, फळ्या बाजूला केल्या आणि एकदम थांबला.

"बाई," त्याने वर पाहिलं, "झालं नाही हो."

"काय झालं नाही?"

"माती झाली नाही. माणूस तसाच आहे."

मी वाकून पाहिलं. निळा कोट तसाच होता आणि कोटाच्या बाहीतून हात बाहेर आला होता. तो हात मी नऊ वर्षं साबणाने धुतला होता, मला ओळखू येणारच. मी मागे सरले.

"असं होतं कधीकधी," फावडंवाला म्हणाला. "औषधं फार घेतलेली असली, जमीन ओली असली, की होतं. परत पुरू. आणखी दोन वर्षं."

आत्याने तोंडावर हात मारून घेतला आणि तीनदा क्रूस काढला. "देवा रे! औषधं नव्हेत नि जमीन नव्हे. माणूस विरत नाही तो कोणाच्या तरी रागापायी. कोणीतरी त्याला माफ केलेलं नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. "म्हण पोरी. तीन शब्दांचं तर काम आहे. बाबा, माफ केलं. सुटू दे त्याला."

पाद्री जमिनीकडे बघू लागला. फावडंवाला फावड्याला टेकून थांबला. आत्या माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मी तोंड उघडलं ते माफ करायलाच. शप्पथ सांगते, मला तेच म्हणायचं होतं. पण बाहेर पडलं ते दुसरंच.

"नऊ वर्षं, बाबा! तुमचे पाय मी धुतले, तुमची लघवी मी काढली, नि घर त्याला दिलंत? ते दिलंत तर दिलंत, पण मला सांगायची हिंमत नव्हती तुमच्यात? दगडाला कोणी हात लावला तर लोकांवर ओरडायचात ना? मग माझ्यासमोर तोंड का उघडलं नाहीत? आज तो मासे धरतोय आणि मी इथे उभी आहे. आजसुद्धा मीच!"

शेजारच्या थडग्यावर फुलं बदलणारी बाई थबकली. आत्या उठून आली आणि तिने माझा दंड धरला.

"झालं? ओकलीस ना सगळं? आता म्हण."

मी पुन्हा खाली पाहिलं. तीन वर्षं मला वाटत होतं, ह्या माणसाला ऐकवायचं राहून गेलं. आणि तो इथे कोट घालून माझी वाट बघत थांबला होता.

"नाही म्हणत," मी म्हणाले. "झाका हो त्यांना. दोन वर्षांनी येईन. मीच येईन, दुसरं कोण येणार आहे?"

"अगं, लोक काय म्हणतील? सारांडिस कुजला नाही, पापी होता, म्हणतील ना!"

"म्हणू देत."

फावडंवाल्याने फळ्या परत लावल्या. आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. डब्यातल्या हाडांशी भांडता आलं नसतं. अजून दोन वर्षं माझा बाप अख्खा होता आणि मला त्याला पुष्कळ ऐकवायचं होतं.