धुतलेल्या नळ्या

एक सोडलं, तर प्रयोगशाळेच्या कपाटातली पाकिटं फोडलेलीच नव्हती. ताईने खाली वाकून पुन्हा एकदा पाहिलं. प्लास्टिकच्या छोट्या नळ्यांची ही पाकिटं तिनेच उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणून ठेवली होती, आणि एव्हाना ती संपून नवी मागवायची वेळ यायला हवी होती. मग ही पोरगी इतके दिवस काम कशात करत होती?

उत्तर बेसिनच्या मागे सापडलं. स्वच्छ फडक्यावर नळ्या पालथ्या घालून ओळीने मांडल्या होत्या. साबणाने घासलेल्या, गरम पाण्यातून काढलेल्या, पुसून लख्ख केलेल्या. एकदा वापरून फेकून द्यायच्या नळ्या. ताईने ते फडकं नळ्यांसकट उचललं आणि मांडीवर घेऊन ती स्टूल ओढून बसली.

आज उन्हाळी संशोधनवृत्तीचा शेवटचा दिवस होता. लहानसहान कॉलेजांतली, ज्यांच्या घरात पदवीचं तोंड कुणी पाहिलेलं नाही अशी मुलं विभाग दरवर्षी निवडून आणत असे. सुट्टीभर त्यांना प्रयोगशाळेत राबवून घ्यायचं, वर थोडा भत्ता द्यायचा, म्हणजे पुढे मोठ्या विद्यापीठात शिकायला जाण्याची त्यांची भीड चेपते, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगलीच होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या पोस्टरशेजारी उभं राहायचं, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना काम समजावायचं, आणि विभागप्रमुख सरांनी कुणाच्या कानात एखाद्याचं नाव घातलं की त्या मुलाचं भाग्य उजळायचं.

मुलांना शिकवायचं काम मात्र ताईच्या गळ्यात पडे. सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले सरसुद्धा. तिची नेमणूक वर्षावर्षाची. तिची स्वतःची पीएच.डी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा राहिली ती राहिलीच. कुणी विचारलं तर ती म्हणे, "झालं आपलं," आणि विषय बदले. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता कुठे कुठे प्राध्यापक झाली होती. दर उन्हाळ्यात तेच सांगायचं, तसंच हसून सांगायचं, याचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

या वर्षी ताईकडे आलेल्या मुलीला सगळे बारकी म्हणत. अंगाने मूठभर, पण कामाला वाघ. गावातल्या नळांचं पाणी तपासण्याचं काम तिच्याकडे होतं. एकमेकांपासून लांब असलेल्या वस्त्यांच्या पाण्यात तिला एकच जंतू सापडत गेला आणि सर हरखून गेले. या पोरीला आपण पुढे पाठवायचंच, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तिच्या मामाने तिला हा एकच उन्हाळा दिला होता. काही जमलं तर शीक, नाहीतर दुकानात माझ्या गल्ल्यावर बस.

बारकी आली ती इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून. ताईच्या मांडीवरचं फडकं बघून हसली.

"सापडल्या होय तुम्हाला? आज जाताना परत पाकिटात भरून ठेवणार होते. पुढच्या मुलांना होतील."

"कधीपासून धुतेयस?"

"पहिल्या आठवड्यापासून. चांगल्या जाड आहेत ताई, तडा नाही की काही नाही. एकदा वापरून टाकायला जीव होईना."

"अगं, त्या टाकायच्याच असतात. कितीही घासल्या तरी आधीच्या पाण्यातलं काहीतरी मागे राहतंच. डोळ्यांना दिसत नाही."

बारकी हुशार होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"म्हणजे तो जंतू सगळीकडे नाहीच?"

"एका कुठल्यातरी नळाला असेल. बाकी सगळीकडे तूच तो नेलास."

"पण पडताळ्यासाठी दर वेळी शुद्ध पाण्याची एक नळी ठेवायचो, तिच्यात कधीच काही आलं नाही."

"ती मी भरायचे. माझ्या टेबलावरच्या पाकिटातल्या नव्या नळीत."

बाहेर कुणीतरी खुर्च्या लावत होतं. बारकी बेसिनला टेकून उभी राहिली.

"नाही सांगितलं तर?"

"तर तू पुढे जाशील. कळायला वर्ष जाईल. कदाचित कळणारही नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला नको गं विचारूस," ताई म्हणाली. "मी दमलेय."

ते खरं होतं. नळ्या टाकायच्या असतात हे वाक्य ती दर वर्षी पहिल्याच दिवशी सांगायची. या वर्षी सांगितलं का, ते तिला आठवेना. बहुतेक नाहीच. इतक्या वेळा सांगून झालं होतं की ते जगाला ठाऊक असल्यासारखंच तिला वाटू लागलं होतं.

ती उठली आणि सरांच्या खोलीकडे निघाली. बारकी तिच्या मागोमाग आली. सर टाय बांधत होते.

"नळ्या टाकून द्यायच्या हे मी हिला सांगितलं नव्हतं," ताई म्हणाली.

"धुतल्या मी," बारकी म्हणाली. "मला कुणी धुवायला सांगितलं नव्हतं."

सरांनी दोघींचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. टाय तसाच सोडून ते खिडकीपाशी गेले.

"ताई, इतकी साधी गोष्ट?"

"साधी म्हणूनच राहून गेली."

"मग हिचं नाव आज मला घेता येणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज कर, बाळ. पोस्टर काढून टाका."

"लावू दे सर," बारकी म्हणाली. "कुठे चुकलं ते मी सांगेन."

आणि तिने सांगितलं. दुपारभर ती त्या पोस्टरशेजारी ताठ उभी होती. पाहुणे येत, ऐकत, छान, प्रामाणिकपणा महत्त्वाचा, असं म्हणत आणि शेजारच्या पोस्टरकडे वळत. एकाने तिच्या पाठीवर थापही मारली. नाव मात्र कुणी विचारलं नाही. ताई मागे भिंतीला टेकून बघत होती. तिला फार वाईट वाटत होतं आणि घरी जाऊन पडावंसंही वाटत होतं.

सगळं आवरत आलं तेव्हा बारकीची आई आली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती भांडी घासायला होती, कामाची पाळी संपवून तशीच धावत आलेली. पाण्याने पांढरी पडलेली बोटं तिने पदराआड घेतली आणि पोस्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे सगळं तू केलंस?"

"केलं, पण चुकलं आई. मामाला सांगावं लागेल."

"काय चुकलं?"

"नळ्या धुवून पुन्हा वापरल्या. तसं चालत नाही इथे."

आईला ते काही उमगलं नाही. लेकीचा चेहरा बघून तिने पुढे विचारलंही नाही. ती ताईकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, धुतल्या तरी नीट होत्या ना हिने?"

बारकीने मान खाली घातली.

"नीट म्हणजे काय," ताई म्हणाली. "एक डाग शोधून सापडला नसता."

आईने सुस्कारा सोडला. "मग बरं," ती म्हणाली, आणि लेकीच्या हातातली पिशवी तिने आपल्या खांद्याला लावली.