वजन वाढणारा मासा

मुलांनो, डोळे मिटा बरं. घट्ट मिटा. पण डोळे मिटले तर पुढचं वाचणार कसं? बरं, मग एक उघडा ठेवा. एकच. आणि ते कुणाला सांगू नका.

आता कल्पना करा. सोलापुरात, रेल्वे लाईनपलीकडच्या एका गल्लीत एक लांबट खोली आहे. खोलीच्या मधोमध मोठी निळी बॅग उघडी पडली आहे आणि तिच्याभोवती चटईवर माणसं बसली आहेत. सगळ्यांचे डोळे मिटलेले. सगळ्यांचा एकेक हात बॅगेवर. प्रार्थना चालू आहे. इतक्यात प्लास्टिकची पिशवी चुरचुरते.

तुम्ही काय कराल? डोळे उघडून बघाल की नाही? सुवार्ताला नेमका हाच प्रश्न पडला होता.

सुवार्ता चौथीत होती. तिची एस्तेरआत्या नर्स. ती आफ्रिकेत मलावी नावाच्या देशात निघाली होती, एका मोठ्या तळ्याकाठच्या मिशनच्या दवाखान्यात, दोन वर्षांसाठी. आठवडाभर तिनं दवाखान्यात काम करायचं आणि रविवारी तिथल्या मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायच्या, असं ठरलं होतं. म्हणून सुवार्तानं तिला एक मासा शिवून दिला होता. बायबलमधल्या योना नावाच्या माणसाला गिळणारा मोठा मासा. शेजारच्या यंत्रमागावरून आणलेले चादरीचे तुकडे जोडून केलेला, एका बाजूनं लाल, एका बाजूनं हिरवा, आणि पोटात चिंध्या गच्च भरलेल्या. त्याच्या तोंडाला चेन होती. चेन उघडली की बोटभर कापडी योना आत जायचा आणि गोष्ट संपताना बाहेर यायचा. आत्यानं शब्द दिला होता, "तिथं पहिली गोष्ट तुझ्या माशाचीच सांगणार."

आता अडचण ऐका. विमानात बॅग न्यायची ती तेवीस किलोंची. त्याहून जड झाली तर विमानतळावर सगळ्यांसमोर उघडून सामान काढायला लावतात, असं आत्यानं ऐकलं होतं. हातातल्या पिशवीत औषधं आणि कागदपत्रं होती, तिथं मासा मावत नव्हता. म्हणून आत्यानं बॅग नीट भरली, वर मासा ठेवला आणि कोपऱ्यावरच्या महादेवप्पांच्या धान्याच्या दुकानात नेऊन काट्यावर चढवली. वजन बरोबर भरलं. चर्चमध्ये आत्यानं हात जोडून सांगितलं, आता कुणी काही आणू नका, मला फक्त प्रार्थना द्या.

मंडळीनं मान डोलावली. मग रोज संध्याकाळी एकेक घर प्रार्थनेला येऊ लागलं. प्रभूच्या कामाला निघालेल्या माणसावर आणि त्याच्या सामानावर हात ठेवून प्रार्थना करायची, ही त्यांची जुनी रीत. आत्या बॅग बंद करायला लागली की आजी, म्हणजे आत्याची आई शिवबाई, तिला अडवायची. झाकणावर कशाला प्रार्थना करायची, आशीर्वाद आतल्या लुगड्या-कपड्यांना नको का लागायला, असं तिचं म्हणणं. चर्चच्या पाळकसाहेबांनाही ते पटलं. आणि सगळ्यांना ते जरा जास्तच लगेच पटलं, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी बॅग काट्यावर ठेवली तर किलोभर जास्त. आत्यानं स्वेटर काढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा जास्त. आत्यानं जाड टॉवेल काढला. बॅग उपसून बघायला तिला वेळ कुठं होता? कधी लस टोचून घ्यायची, कधी कुणाच्या घरी निरोपाचं जेवण. शेवटी सुवार्ताचे पप्पा काट्याजवळ उभे राहून म्हणाले की दोष माशाचा आहे. चिंध्यांना दमट हवा लागते आणि मासा रोज जड होतो.

"सोलापूरच्या उन्हात दमट हवा?" महादेवप्पा म्हणाले. "मग मला पण सांगा कुटं मिळते ती. मी दोन पोती भरून घेतो."

पण पप्पांनी मासा काढलाच. तो कपाटावर जाऊन बसला. आत्याचं तोंड उतरलं. ती सुवार्ताला म्हणाली, पोस्टानं मागवीन गं. पोस्टानं आलेला मासा पहिल्या गोष्टीला कसा पोचणार?

त्याच संध्याकाळी ती पिशवी चुरचुरली. सुवार्तानं एक डोळा उघडला.

भजनात सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या गोजरबाई मावशी, डोळे मिटून, ओठांनी प्रार्थना पुटपुटत, बॅगेतल्या आत्याच्या बुटात लिंबाच्या लोणच्याची पिशवी कोंबत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी कुर्डुवाडीहून आलेल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या हरिबाकाकांनी साडीच्या घडीत काळा मसाला सरकवला. त्या दिवशी आजीचाही हात पदराखालून निघाला आणि बॅगेच्या तळाशी गेला. आणि पाळकसाहेब? त्यांनी तर "हे प्रभू, हिच्या वाटेतले खळगे भर" म्हणत कडक भाकऱ्यांचं पुडकं बॅगेतल्या खळग्यात बसवलं.

सांगायला जावं तर पंचाईत. सुवार्तानं पप्पांना आडून विचारून बघितलं, प्रार्थनेत कुणी बॅगेत काही ठेवलं तर? पप्पा म्हणाले, कोण ठेवेल? आणि ठेवलं तरी बघणार कोण? तू डोळे उघडे ठेवतेस की काय? म्हणजे बघा, ज्याला माहीत होतं त्याला सांगता येत नव्हतं. आणि मासा कपाटावरून तिच्याकडे बघत होता.

निघायचा दिवस आला. संध्याकाळची मुंबईची गाडी होती. दुपारी सगळी मंडळी एकदमच जमली. शेवटचं वजन करायला महादेवप्पा टांगता काटा घेऊन आले आणि टोपी काढून दारात उभे राहिले. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, गोजरबाईंची झाली. शेवटची प्रार्थना घरातल्या सगळ्यांत लहान माणसानं करायची असते. पाळकसाहेब म्हणाले, "सुवार्ता, कर बाळ."

सुवार्तानं डोळे मिटले. खरोखर मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," ती म्हणाली, "माझ्या आत्याला सांभाळ. विमानाला सांभाळ. आणि आत्याच्या बुटात लिंबाचं लोणचं आहे, त्यालाही सांभाळ, कारण ते सांडलं तर बूट जाईल."

कुणीतरी खोकलं.

"साडीत काळा मसाला ठेवणाऱ्यांवर दया कर. बाकीच्यांवर पण कर. त्यांची नावं तुला माहीत आहेत. मला पण माहीत आहेत, पण मी घेत नाही. त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण बापा, त्यांच्यामुळे माझा मासा कपाटावर बसलाय. आता मी माढ्याच्या मामासाठी प्रार्थना करते, मग करमाळ्याच्या मावशीसाठी, मग त्यांच्या सगळ्या शेळ्यांसाठी. तेवढ्यात ज्यांना काही काढून घ्यायचं असेल, त्यांना तू बुद्धी दे."

प्रार्थनेत मधे बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आणि डोळेही उघडता येत नाहीत. सुवार्ता मामाच्या उसावर आली तेव्हा पिशव्या चुरचुरायला लागल्या. ती शेळ्यांची एकेक करून नावं घेऊ लागली तेव्हा बॅगेभोवती हातांची नुसती गर्दी झाली. पाळकसाहेबांच्या बाजूनं कडकन आवाज आला. भाकरी मोडली होती.

"येशूच्या नावात मागते, आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले. कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांच्या मांड्यांवर पदर आणि पिशव्या फुगलेल्या. तुला कसं कळलं, असं विचारायला एकही तोंड उघडलं नाही. विचारणार कसं? पप्पा छताकडे बघत होते. आत्या उठली, तिनं हसू दाबत स्वेटर आणि टॉवेल परत बॅगेत घातले आणि कपाटावरचा मासा काढून सगळ्यांत वर ठेवला. महादेवप्पांनी बॅग काट्याला अडकवून उचलली.

"तेवीसला टेकलाय," ते म्हणाले. "आता ह्यात सुई पण टाकू नका."

सुवार्ताला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात तिला कोपऱ्यात आजी दिसली. आजीनं पदराखाली काहीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं. शेंगाची चटणी. आजीचे खांदे दुखतात, तरी ती तिनं उखळात स्वतः कुटली होती. पोर दोन वर्षं ताटावर दिसणार नाही, म्हणून.

आजी हळूच म्हणाली, "असू दे. तितं बी शेंगा मिळत असतील की."

सुवार्तानं आजीकडे बघितलं. मग बॅगेकडे. मग माशाच्या गच्च भरलेल्या पोटाकडे.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "एक छोटी प्रार्थना राहिली."

या वेळी सगळ्यांनी डोळे इतक्या घाईनं आणि इतके घट्ट मिटले की गोजरबाईंनी तर वर पदरही ओढून घेतला. दारात फक्त महादेवप्पा उघड्या डोळ्यांनी उभे होते. त्यांच्याकडे बघून सुवार्तानं ओठांवर बोट ठेवलं.

मग तिनं माशाच्या तोंडाची चेन उघडली, मूठ मूठ करून पोटातल्या चिंध्या काढल्या आणि चटईखाली सरकवल्या. आजीच्या हातातलं पुडकं अलगद सोडवून घेतलं, माशाच्या पोटात योनाच्या शेजारी बसवलं, चेन ओढली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमेन."