वीतभर कापड

थोरल्या सुनेच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'नको', ही मोठ्याबाईंची अकरा वर्षांची तक्रार होती. नवे पडदे? नको. खिडक्यांना हिरवा रंग? नको. लग्नात नवऱ्यालाही आधी नकोच म्हणाली असेल, असं त्या शेजारणीला सांगत. मोठ्याबाईंचं तसं नव्हतं. माणूस असो की कापड, एकदा हात लावला की त्यांचं ठरलं. या सुनेचंही त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

शिवणखोलीत मशिनं तीन, पण बेतायची कात्री एकच, आणि ती मोठ्याबाईंची. गेल्या वर्षापासून मात्र उजवा अंगठा मिटेना. चार थर कापले की हाताचा दगड व्हायचा. कात्री आता कुणाला तरी द्यायलाच हवी होती. धाकट्या सुनेला द्यायची हे मनात पक्कं होतं. धाकटी गोड होती.

सकाळी दवाखान्याच्या कोटांचा तागा आला. मोठ्याबाईंनी हात फिरवला.

"लोण्यासारखं आहे."

"अगदी लोणीच, सासूबाई," धाकटी म्हणाली.

थोरलीने टोक चुरगळून पाहिलं, उजेडात धरलं. "नको. आधी तुकडा भिजवून बघते."

"आंघोळ घाल, पावडर लाव, मग सांग आवडलं का ते," मोठ्याबाई म्हणाल्या. एवढं बोलूनही त्या दमल्या. कात्री त्यांनी धाकटीपुढे सरकवली. "तू काप गं."

ताग्याच्या कडेचा वीतभर चौकोन दोरे तोडायच्या छोट्या कात्रीने कापून थोरलीने बादलीत बुडवला, खिडकीच्या गजावर वाळत टाकला आणि काजं करत बसली.

जेवणं झाली तेव्हा धाकटीचे सहा कोट कापून झाले होते. थोरलीने वाळलेला चौकोन इस्त्री केला आणि जिथून कापला होता त्याच खाचेत नेऊन ठेवला. दोन बोटांची फट राहिली.

मोठ्याबाई स्टुलावर टेकल्या. "पहिल्या धुण्यात हे कोट डॉक्टरांच्या पोरांना होतील."

"मला वाटलंच होतं," धाकटी हळूच म्हणाली. "वीण सैल आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला आवडलं होतं ना."

मोठ्याबाईंना ते हिरव्या खिडक्यांचं आठवलं. धाकटीला तो रंगही फार आवडला होता. आणि आठवली एक जुनी कॉलर, त्यांनी हाताने शिवलेली. थोरलीने ती उलटी करून, टाके मोजून पाहिली होती आणि म्हणाली होती, "चांगली बसलीय." अकरा वर्षांत तेवढं एकदाच. ते मात्र त्या विसरल्या नव्हत्या.

त्यांनी कात्री धाकटीसमोरून उचलली आणि थोरलीपुढे ठेवली. थोरलीने ती लगेच घेतली नाही. पाती उघडली, धारेवरून बोट फिरवलं, खिळा हलवून पाहिला.

"बघ, सावकाश बघ," मोठ्याबाई म्हणाल्या. "तू मला आवडत नाहीस, आणि ते बदलायचा जोर आता माझ्यात नाही. पण माझं तोंड बघून चांगलं म्हणणारी मला या टेबलापाशी नको. कात्री तुझी. खिळा ढिला आहे, ते मला माहीत आहे. सांगू नकोस."