करंट इथला, नाव सिंगापूरचं

शनवारी बबितानं तांड्यात पाय ठेवला, अन् समाजमंदिराच्या ओट्यावरून खेमसिंग नायक तिथूनच वरडला, "आली पाहा कंपनीची सून!"

ओट्यावरचे सारे हासले. बबिताले समजलं, आपल्या अगोदर खबर येऊन बसली. येनारच ना बाप्पा! सोलर प्लांटच्या गेटवर तांड्यातलेच पोट्टे वॉचमन. तिथं साहेब शिंकला त इथं लोकं नाक पुसतेत. आता खेमसिंग काही परका नोय, तिचा सख्खा काका, बापाचा मोठा भाऊ. पन ओट्यावर बसला का तो काका नसते, नायक असते. अन् नायकाचा शबुद तांड्यात महागावच्या तहसीलदारापेक्षा जड.

भानगड काय होती ते अगोदर आयका, नाईत मंग म्हनसान मधूनच सुरू केलं.

प्लांट बसला तांड्याच्या गायरानावर. जिथं ढोरं चरत तिथं आता काचाच काचा. उद्घाटनाले कंपनीचा मोठा साहेब माईकवर म्हने, "आज से तुम्हारा तांडा, सूरज का तांडा!" बस, येवढंच. नोकऱ्या म्हनसान त दोन वॉचमन अन् एक बबिता, तेबी टेम्परवारी. बाकी तांड्याले काय भेटलं? ते नाव भेटलं. खेमसिंगच्या पोरानं, जीवननं, समाजमंदिराच्या भिंतीवर मानसायेवढ्या अक्षरात रंगवलं: 'आमचा तांडा सूर्यावर चालते.' येष्टीत बसल्या बसल्या वाचता येते. पाव्हना आला का त्याले अगोदर भिंत दाखवत, मंग चहा.

अन् तेच भिंत आता पुसाची होती.

काहून? अरे, प्लांटची वीज तारेतून सबस्टेशनले जाते अन् तिथून तांड्यात येते, हे खरंच हाय. पन त्या विजेसंगं कम्प्युटरवर एक दाखला निंगते, का ही वीज सूर्याची, ह्याच प्लांटची. तो दाखला वेगळा विकतेत. सिंगापूरची कंपनी तो घेते अन् तिकडं छाती ठोकून सांगते, आमच्या मशीनी सूर्यावर चालतेत. नियम असा, का एका विजेचं नाव एकालेच. दाखला तिकडं गेल्यावर इकडं कोनी 'आमची वीज सूर्याची' म्हनलं, त एकच माल दोघाइले देल्ल्यासारखं झालं. दाखला बाद! अन् सोमवारी नागपूरहून तपासनीस मॅडम येनार होत्या, हेच पाहाले.

प्लांटचा मॅनेजर राजदीप सर बबिताले म्हने, "तुझाच तांडा, तुझाच काका. भिंत पुसून घे. सोमवार नीट गेला तर पर्मनंटचं पत्र तयार आहे. नाही गेला तर तुझा तांडा तुलाच लखलाभ."

ते पत्र म्हंजे बबितासाठी काय होतं सांगू? तिची याडी, म्हंजे माय, सुखीबाई, नवरा मेल्यापासून दरसाल ऊस तोडाले जाते. दिवाई झाली का मुकादमाच्या ट्रकात. बबितानं तिले सांगून ठेवलं होतं, "यंदा तू ट्रकात नाई चढत. मी पर्मनंट होतो अन् तू घरी बसतं." सुखीबाईनं तिचा कोयताबी कोनाले त देऊन टाकलता.

तर अशी बबिता ओट्यापुढं उभी राह्यली.

"काका, मायं आयकून त घ्या."

"इथं काका कोनी नाई. नायक म्हन."

"बरं, नायक. करंट तुमचाच राह्यते. बल्ब तुमचा, पंखा तुमचा. फक्त भिंतीवरचं नाव…"

"फक्त नाव!" खेमसिंगनं मांडीवर थाप मारली. "म्हंजे लेकरू आमच्या अंगनात खेळन, आमच्या ताटात जेवन, अन् जल्माच्या दाखल्यावर बाप सिंगापूरचा?"

पोट्ट्याइनं शिट्ट्या मारल्या. तांड्यातली सगळ्यात बुढी भुरीबाई म्हने, "सिंगापूर कोन्या तालुक्यात येते वं?"

"हासा!" बबिता तडकली. "मायी नोकरी जाते अन् तुमाले शिट्ट्या सुचतेत!"

"तुयी नोकरी गेली त तू जाशीन कंपनीच्या मागं," खेमसिंग म्हने. "आमचं गायरान गेलं, आमी कोनाच्या मागं जावं? आपले आजे-पंजे लदेनी करत. बैलाइवर मीठ लादून मुलूखभर फिरत. मीठ शेठचं असे. पन वाहनाऱ्याच्या हाताले मिठाची चव राह्यची, ते कोन्या शेठनं धुवाले नाई लावली. हा तुहा सिंगापूरवाला कोन लागून गेला?"

"तुमी नियम समजूनच नाई घेऊन राह्यले."

"तू आमचा नियम समजून घे. नसाब बसल्याबिगर समाजमंदिराच्या भिंतीत खिळा ठोकत नाई कोनी." नसाब म्हंजे तांड्याची पंचायत. "अन् नसाब बसली हाय, अन् नाई म्हनते. जाय."

घरी गेली त सुखीबाईनं ताट पुढं आपटलं. भिंतीची गोष्ट तिच्याबी कानावर गेली होती. सारा आइतवार मायलेकीत एक शबुद नाई.

सोमवारी काय झालं, का राजदीप सरले धीर निंगला नाई. बबिताले न सांगता त्यानं लोहाऱ्याहून मजूर आनले, चुन्याचा डरम अन् किनार काढाले गेरूची बादली घेऊन. बबिता पयत पयत तांड्यात पोचली तवा बाया भिंतीले पाठी लावून रांगेत उभ्या. मधात कोन? सुखीबाई.

"हटवा यांना," सर मजुराइवर खेकसला.

"हात लावून त पाहा," खेमसिंग ओट्यावरून म्हने. बसूनच म्हने, पन मजूर जागच्या जागी.

अन् तेवढ्यात मॅडमची गाडी.

मोनाली मॅडम म्हंजे एकदम थंड बाई. पानी नाई, चहा नाई, नमस्ते केलं अन् सीधी भिंत वाचली. बायाइच्या डोक्यावरून अक्षरं दिसतच होते. मंग भुरीबाईले इचारलं, "आजी, तुमच्या घरातला लाइट कशाचा?"

आता तांड्याची एक जुनी सवय हाय. कोनता का साहेब चौकशीले येवो, सगळ्याइनं एकच उत्तर द्याचं, अन् ते नायकानं अगोदर ठरवलेलं. जनगननेत तसंच, रेशनच्या चौकशीत तसंच. दोन उत्तरं आले का साहेब घोळ करते, हे त्याइले पिढ्यानपिढ्या मालूम. भुरीबाई ठसक्यात म्हने, "सूर्याचा! भिंतीवर वाचता नाई येत का?" अन् मागून सारा तांडा एका सुरात, "सूर्याचा!"

बबितानं डोयेच मिटले.

मॅडम म्हने, "मग मी पुढं शिफारस करू शकत नाही. ही वीज यांनी आधीच स्वतःच्या नावावर सांगितली आहे."

राजदीप सर फिरला तो सीधा बबितावर. साऱ्याइच्या देखत. "हे तुझे लोक! म्हणून म्हणत होते मला, तांड्यातलं कोणी कामावर घेऊ नको. काचांवर कपडे वाळत घालतील, म्हणत होते!"

आई शप्पथ, मंग पेटलं! जीवननं गोटा उचलला, पोट्टे पुढं, मजूर मागं, बाया शिव्या देऊन राह्यल्या. अन् त्या गोंधळात बबिता येवढ्या जोरात वरडली, का तिचा गळाच फाटला.

"थांबा! मॅडम, मले एक सांगा. सूर्याची वीज 'आमची' म्हनाचं नाई. बराबर?"

"बरोबर."

"पन इथं बनते, हे म्हनाचं का नाई?"

मॅडमनं पयल्यांदा तिच्याकडं नीट पाह्यलं. "बनते म्हणता येतं. वापरतो म्हणता येत नाही. नाव विकलं गेलंय हे स्पष्ट असलं पाहिजे."

"लिवलं त चालन?"

"चालेल. उलट चांगलंच."

बबितानं मजुराच्या हातातला कुंचा हिसकला अन् भिंतीकडं गेली. बाया हालल्या नाई.

"याडी, सरक."

"नाई सरकत."

"अवं सरक! खोटं पुसून खरं लिवाचं हाय. पटलं नाई त मंग मले मार."

सुखीबाई सरकली. येकच हात, जास्त नाई. बबितानं जीवनच्या त्या मानसायेवढ्या अक्षराइवर चुना फिरवला. 'आमचा' गेलं, 'तांडा' गेलं, सारी ओय गेली. मागून भुरीबाईची चप्पल आली अन् सटकन तिच्या पाठीत बसली. तिनं मागं पाह्यलं नाई. गेरूत कुंचा बुडवला अन् खालच्या कोरड्या भागावर लिवलं:

'इथं सूर्याची वीज बनते. तिचं नाव सिंगापूरले विकलं.'

मॅडमनं मोबाइलवर फोटो काढला. "हे चालतं. आता दुहेरी दावा राहिला नाही. दाखला मिळेल."

राजदीप सरचं तोंड असं फुललं, का इचारू नका. "शाबास बबिता!"

शाबास म्हनाले अन् खेमसिंग ओट्यावरून उतराले एकच गाठ. तो हयूहयू आला. भिंत वाचली. पुन्हा वाचली. मंग बबिताच्या हातातून कुंचा घेतला अन् त्याच ओयीत पुढं वाकडंतिकडं लिवलं: 'आमाले न इचारता.'

"हे काय? पुसा ते!" सर वरडला.

"माझी हरकत नाही," मॅडम म्हने. "हा विजेवरचा दावा नाही."

"माझी आहे ना हरकत! सिंगापूरवाले फोटो पाहतील!"

"तो तुमचा प्रश्न," म्हने मॅडम, अन् तिनं दुसरा फोटो काढला, गाडीत बसली, चालली गेली. वयून पाह्यलंबी नाई मागं!

आता सर बबिताजवळ आला. आवाज एकदम खाली. "तीन शब्द आहेत. पूस, आणि उद्या पत्र घेऊन जा. तुझ्या आईकडं बघ जरा."

बबितानं पाह्यलं. सुखीबाई भिंतीपाशीच होती, पाठीले साऱ्या लुगड्याले ओला चुना लागला होता. तिनं आयकलं होतं.

"पुसशीन त घरात पाय नको ठेवू," सुखीबाई म्हने. दोन दिवसात 'नाई सरकत' सोडून पयल्यांदा बोलली, अन् हे बोलली. "ऊस म्या आजवर तोडला, पुढंबी तोडीन. मायाकडं पाहून कोनाचा शबुद नको पुसू."

बबितानं खेमसिंगच्या हातातला कुंचा घेतला, चुन्यात बुडवला, अन् राजदीप सरपुढं धरला.

"घ्या सर. गायरानाच्या टायमाले, नाव विकाच्या टायमाले, तांड्याले कोनी इचारलं असन त पुसा. तुमच्या हातानं."

सरनं कुंच्याकडं पाह्यलं, तांड्याकडं पाह्यलं. चुना टपटप त्याच्या बुटावर पडून राह्यला.

"कार्ड दे," तो म्हने.

बबितानं गळ्यातलं कार्ड काढून देल्लं. सरनं ते खिशात कोंबलं, मजुराइले डरम उचलाले लावला, अन् जीप गेली. धुरोळा खाली बसला.

मंग खेमसिंग म्हने, "येडी हायस तू. ते शबुद माये होते. पुसले असते त मी पुन्हा लिवले असते. तुहं काय जात होतं?"

"तवाच सांगाचं होतं ना मंग! ओट्यावर बसून गंमत पाहून राह्यले होते का?"

"तू इचारलं नाई."

"तुमी आयकलं असतं का?"

खेमसिंगनं खाकरून बाजूले थुकलं. जीवनकडं वयला अन् म्हने, "बादलीत गेरू राह्यला ना? खाली बबिताचं नाव टाक. मोठं. येष्टीतून दिसलं पाह्यजे."

जीवन कुंचा घेऊन वाकला, अन् बबिता अशी अंगावर धावली, का तो बादलीसकट मागं सरला.

"खबरदार! मायं नाव भिंतीवर टाकलं त हे सारी भिंत पाडीन! एका नावापायी येवढं झालं, अजून पोट नाई भरलं तुमचं?"

जीवननं बापाकडं पाह्यलं. खेमसिंगनं हातानंच 'राहू दे' केलं. बबितानं पाठीवरची धूळ झटकली, भुरीबाईची चप्पल उचलून तिच्या पुढं टाकली, अन् मायले म्हने, "चाल. कोयता कोनाले देल्ला तू? आनाचा हाय."