सात जणींची ओळ

दोरी ओढली तरी पडदा हलेना. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा ओढली, हसत हसत. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा हसणं थांबलं होतं. शेवटी दोन कार्यकर्त्यांनी दोन्ही बाजूंनी साटिनचं कापड धरून खाली खेचलं आणि फोटोग्राफरच्या विनंतीवरून पाहुण्यांनी ते आपणच उघडल्यासारखं हातात धरलं. टाळ्या झाल्या. कापडामागून काळा ग्रॅनाइट निघाला.

आकाराम सर पहिल्या रांगेतून उठून फलकाजवळ गेले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वरून खाली वाचलं. शुभहस्ते एक नाव. अध्यक्षस्थानी एक. प्रमुख उपस्थिती तीन, विशेष उपस्थिती चार, आणि सन्माननीय उपस्थिती दोन, जे दोघंही आले नव्हते. मग इतिहास: ‘ऐतिहासिक धान्यकोठी. बांधकाम दुष्काळात.’ आणि अगदी तळाला: ‘माहिती संकलन: श्री. आकाराम मोहिते, निवृत्त शिक्षक.’

साताऱ्यात दर रविवारी सकाळी सर वीस-पंचवीस माणसांना जुन्या इमारती दाखवत फिरत. बारा वर्षं झाली. त्यांचं शहर राजांपासून सुरू होत नसे. तळ्याच्या काठावर उभं करून ते विचारत, हे खोदलं कुणी? जुन्या कचेरीच्या जिन्यात पायरीला पडलेला खळगा दाखवत आणि सांगत, साहेबाच्या बुटानं हा पडलेला नाही, साहेब आठवड्यातून दोनदा यायचा. तारखेला येणाऱ्यांच्या अनवाणी पायांनी पडलाय. मंडईच्या कमानीखाली ते गवंड्याचं नाव सांगत. लोक वहीत उतरवून घेत. सरांना ते आवडे, आणि आवडतं हे लोकांना कळे.

फेरी या कोठीपाशी संपायची. अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळात माण-खटावकडून आलेल्या बायकांनी डोक्यावर दगड वाहिले आणि ही भिंत उभी राहिली. त्यातल्या सात जणी एकाच वाडीतल्या. हे कुठल्या कागदात नव्हतं, वडूजच्या पलीकडे त्याच वाडीतल्या भामाबाईंच्या घरी होतं. त्यांच्या वाडीत नव्या घराचा उंबरा बसवताना या सात बायकांची नावं घेतात, अर्जुना पहिली. नावं झाल्याशिवाय गवंडी थापी उचलत नाही. गेल्या उन्हाळ्यात सर तिथं तीन दिवस मुक्कामाला राहिले, भाकरी-आमटी खाल्ली, सातही नावं लिहून घेतली आणि निघताना म्हणाले, “भामाबाई, ही आता दगडावर येतील.”

भामाबाई आज आल्या होत्या. पहाटेची एसटी धरून, नात समीक्षाला घेऊन. दोघी मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण प्रत्येक खुर्चीवर कुणाचं तरी नाव चिकटवलेलं होतं.

सरांनी धैर्यशीलला मांडवामागं गाठलं. धैर्यशील फलक समितीचा सचिव, सरांचा जुना विद्यार्थी. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

“सात जणींची ओळ कुठाय?”

“सर, आधी पेढा घ्या.”

“ओळ कुठाय, धैर्या?”

“बसली न्हाई सर. तुम्हाला म्हाईतच हाय की.”

“मला काय माहीत? तीन बैठका झाल्या, तिन्हींना मी होतो. प्रमुख मोठं का विशेष मोठं, यावर दोन तास खल चालला तेव्हाही मी बसलेलो होतो. ओळ काढायचा ठराव कधी झाला?”

“ठराव न्हाई झाला.”

“मग कुणी काढली? अकरा नावं मावली. त्यातले दोघं आत्ता घरी लोळत असतील. ज्यांनी डोक्यावर दगड वाहिले त्यांना तेवढी जागा नाही?” सरांचा आवाज चढला. चहावाल्यानं किटली तशीच हातात धरून इकडं पाहिलं. “ती बाई पहाटेपासून चहाच्या घोटावर उभी आहे. तिला काय सांगू मी? माझ्याच पोरानं मला दगा दिला, असं सांगू?”

धैर्यशील चिडला नाही. त्यानं बॉक्स खुर्चीवर ठेवला, खिशातून मोबाइल काढला आणि अंगठ्यानं मागं मागं जात राहिला. सुप्रभातची फुलं गेली, वाढदिवसाचे केक गेले, सरांनी पाठवलेले आरोग्याचे सल्ले गेले. मग त्यानं मोबाइल सरांपुढं धरला.

‘सर, पाथरवट म्हणतोय एक ओळ कमी करा. सात जणींची काढू का संकलनाची? तुम्ही सांगाल तसं.’

खाली, बारा मिनिटांनी आलेलं सरांचं उत्तर होतं.

‘सात जणींची काढ. पुरावा तोंडी आहे.’

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्मा आधीही स्वच्छच होता. त्या बारा मिनिटांत त्यांनी पहिल्यांदा ‘संकलनाची काढ’ असं लिहिलं होतं, थोडा वेळ त्याकडं बघितलं होतं आणि मग पुसलं होतं. ते मोबाइलमध्ये दिसत नव्हतं, पण सरांना आता आठवलं.

“तुमची तब्येत बरी नसंल तवा,” धैर्यशील म्हणाला. त्याला मदतच करायची होती.

“बरी होती.”

“मी हे कुणाला दावलं न्हाई, सर. दावणारबी न्हाई.” त्यानं बॉक्स उचलून पुन्हा पुढं केला. “आता घ्या.”

सरांनी पेढा घेतला आणि तो तसाच हातात धरून ते मांडवात आले.

मांडव रिकामा होत होता. फलकापुढं समीक्षा एकेका ओळीखालून बोट फिरवत होती.

“न्हाईत गं आजी.”

“नीट बग.”

“दोनदा बगितलं. मागनंबी बगून आले.”

भामाबाईंची नजर सरांवर गेली. त्यांनी पदर सारखा केला.

“आला व्हय गुरुजी. आमाला वाटलं, तुमी मोठ्या लोकांसंगं गेला.”

“भामाबाई, ते जागेचं जरा…” सर म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना येत होतं. आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाला पुढचं वाक्य येतंच.

“आसू द्या वो. मोठी मानसं लय आसत्यात, त्यास्नी जागा लागती.” त्या समीक्षाकडं वळल्या. “गुरुजींचं कुटलं गं?”

समीक्षानं खाली वाकून शेवटची ओळ दाखवली. भामाबाई गुडघ्यावर हात टेकत फलकापुढं बसल्या. अक्षरांच्या खाचांत कोरताना उडालेली पांढरी पूड अजून अडकली होती. ती त्यांनी पदराच्या टोकानं पुसून काढली, डावीकडून उजवीकडं, सावकाश, वाचता येत असल्यासारखं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आपल्या वळखीचं येक तरी हाय.”

सरांनी पेढा खिशात टाकला.

“पोरी, फोटू काड. वाडीत दावू. या गुरुजी, हिकडं या.”

भामाबाई उठून एका अंगाला उभ्या राहिल्या. सर पुढं झाले आणि नेमके त्या तळच्या ओळीसमोर, धोतर दोन्ही बाजूंना पसरेल असे पाय फाकवून उभे राहिले.

समीक्षानं मोबाइल वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला.

“सर, जरा बाजूला व्हा ना. तुमचं नाव झाकतंय.”

सर हलले नाहीत. त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटून भामाबाईंनीच त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना हळूच बाजूला सरकवलं.