मुठीतला उलटा सेल

टेबलाभोवती तिघे बसले होते आणि तिघांच्या मध्ये ती नाटकातल्या तलवारीची मूठ आडवी पडली होती. अर्ध्यावर राहिलेल्या चहावर साय धरू लागली होती आणि पावाच्या कडा वाळत होत्या. शांततेचे ओझे पेलवेनासे झाले की माणूस चमचा उचलतो आणि विरघळून गेलेली साखर पुन्हा ढवळतो. लेक तेच करीत होती. जावयाने कप डाव्या हाताने धरला होता. उजवा हात टेबलाखाली होता.

अप्पांनी ते पाहिले आणि मनात म्हटले, सापडला.

अप्पा म्हणजे त्या लेकीचे वडील. चाळीस वर्षे त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कितीतरी घाबऱ्या चेहऱ्यांनी त्यांना देवासारखे वरून उतरताना पाहिले होते. आता ते लेकीकडे राहत होते आणि मागची खोली त्यांना कामासाठी मिळाली होती. एक दणकट बाक, भिंतीवर ओळीने लटकणारी हत्यारे, आणि खिळ्याला टांगलेली जुनी, हातभर लांबीची विजेरी. जगाने काढून घेतल्यावर माणसाजवळ जे उरते, ते सगळे त्या खोलीत होते.

महिन्यापूर्वी तारा डागायचे सोल्डरिंगचे आयर्न चालूच राहिले आणि बाकाचा तळहाताएवढा भाग कोळसा झाला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून लेकीचा आवाज आला होता. "आणखी एकदा असं काही झालं ना, तर त्या खोलीला कुलूप. मला एक दिवस घरी येऊन राख बघायची नाहीये." जावई काहीच बोलला नव्हता. बोलणाऱ्याचा राग येतो. गप्प बसणाऱ्याचा संशय येतो. त्यातून दोनच दिवसांनी हाच गृहस्थ टेप लावून बाकाची लांबी मोजताना दिसला. "सहज," म्हणाला. चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणारा माणूस, केसाच्या रुंदीवर पोट भरणारा. असा माणूस सहज काही मोजतो?

मग ती तलवार आली. लेक एका हौशी नाटक मंडळीत काम करीत असे. या खेपेला तिच्या वाट्याला कुठल्याशा दूरच्या ग्रहावरची सेनापती आली होती, आणि शेवटच्या अंकात तिच्या हातात प्रकाशाची तलवार पेटायची होती. खेळ शनिवारी होता.

"बाजारात मिळते तयार," ती म्हणाली.

"मिळते की. पोरं वाढदिवसाला मोडतात ती," अप्पा म्हणाले. "सेनापती आहेस का बाहुली?"

ती हसली आणि काम त्यांच्यावर सोपवून गेली. पण जाताना तिची नजर बाकावरच्या काळ्या डागाला स्पर्श करून गेली. ही परीक्षा आहे, हे अप्पांना न सांगता कळले.

बेसिनखालच्या जाड पितळी पाइपचा वीतभर तुकडा त्यांनी कापला. कानशीने कडा इतक्या मऊ केल्या की गालावरून फिरवावा. पकडीसाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या. बटण मात्र खरे होते, एका मोडीत निघालेल्या लिफ्टचे. दाबले की भोवतीची कडी तांबूस उजळायची. आतले काम कठीण. अंगठ्याएवढ्या रुंद पोकळीत तीन सेल, नखाएवढा सर्किट बोर्ड, घोंगावणारा आवाज काढणारा चपटा स्पीकर, आणि टोकाला तो प्रखर दिवा, ज्याची उष्णता शोषायला अॅल्युमिनियमची चकती. प्लॅस्टिकची नळी उभी चिरून त्यांनी सेलसाठी पाळणा केला, बुडाशी स्प्रिंग दिली, आणि आट्यांच्या झाकणाने सारे बंद केले. रविवारी सायंकाळी दुधी नळी टोकाला चढवून बटण दाबले, तेव्हा खोलीत निळ्या पहाटेचा एक दांडा उभा राहिला. अप्पांचे डोळे पाणावले. हात अजून मेलेले नव्हते.

सोमवारी सकाळी लेकीने बटण दाबले. अंधार.

"अप्पा, पेटत नाहीये."

झाकण उघडले तर तीनपैकी मधला सेल उलटा.

"घाईत घातला असेल तुम्ही."

"घाईत? अगं, काल पेटली होती ती. उलट्या सेलवर पेटते का?"

"मी नव्हते काल इथे," लेक म्हणाली. आवाजात काळजी होती, आणि ती रागापेक्षा जास्त बोचली.

मंगळवारी पुन्हा तेच. मधलाच सेल, तसाच उलटा. जावई दारातून डोकावला. "होतं असं कधीकधी, अप्पा."

"होतं म्हणजे काय, जावईबापू? सेलला पाय फुटतात?"

जावई खाली मान घालून गेला. चोराच्या मनात चांदणे, अप्पा पुटपुटले.

बुधवारी तलवार पेटली. गुरुवारीही पेटली. एखाद्याला बरे वाटले असते, पण अप्पांची झोप उडाली. बोभाटा झाल्यावर चोरी थांबते, याचाच अर्थ चोर घरातला. आता हा शनिवारची वाट पाहील. ऐन शेवटच्या अंकात, भरल्या प्रेक्षागृहात, लेकीच्या हातात काळीठिक्कर नळी राहील. आणि रविवारी खोलीला कुलूप लागेल. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर दाद कोणाकडे मागायची?

तेव्हा त्यांनी सापळा लावला. दोन धातू एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे पाहायला फिटर लोक एक निळा लेप वापरतात. तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि कातडीला लागला की साबणालाही जुमानत नाही. गुरुवारी संध्याकाळी अप्पांनी तलवार पेटवून पाहिली, रबरी मोजे चढवले, ब्रशाने झाकणाच्या आट्यांत तो लेप भरला आणि झाकण आवळले. मोजे काढून टाकले. खिडकीशी उभे राहून दहाही बोटे उजेडात तपासली : स्वच्छ. मग चाळीस वर्षांच्या सवयीने आवराआवर केली. आयर्नची पिन काढली, हत्यारे खुंट्यांवर चढवली, एप्रन अडकवला, जे जे जिथले ते ते तिथे ठेवले. हाताला हे सारे पाठ होते. त्या वेळी मन चोरापाशीच बसले होते.

आणि आता शुक्रवारची सकाळ होती, साय धरलेला चहा होता, आणि टेबलाखाली तो हात.

"जावईबापू," अप्पा अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "उजवा हात जरा वर घ्या बघू."

जावयाने त्यांच्याकडे पाहिले. मग सावकाश हात वर आणून टेबलावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी निळीशार.

"अहो, हे काय?" लेक म्हणाली.

"चोराचं कुंकू," अप्पा म्हणाले. "मी लावलं होतं झाकणाला. विचार, उघडलं का म्हणून."

"उघडलं होतं," जावई म्हणाला. "पहाटे."

"कशाला?"

"सेल बघायला."

"बघायला की फिरवायला?"

जावयाने अंगठा तर्जनीवर घासला. निळे जाईना. "फिरवायला," तो म्हणाला.

"ऐकलंस?" अप्पांचा आवाज उंचावला. "हाताच्या कांकणाला आरसा कशाला! सोमवारपासून म्हातारा वेडा ठरतोय या घरात. बाकाची मापं घेऊन झालीत, आता फक्त कुलूप आणायचं राहिलंय."

लेकीने नवऱ्याकडे पाहिले नाही, वडिलांकडेही नाही. तिने मूठ उचलली आणि बटण दाबले.

तलवार पेटली. टेबलावरचे कप, पाव आणि तीन चेहरे निळ्या उजेडात बुडाले. चपटा स्पीकर मधमाशीसारखा घुमू लागला.

"ही तर चालते," लेक म्हणाली.

अप्पांनी मनाशी हिशेब मांडला. यानेच सेल फिरवला असेल, तर फिरवून तो सुलटा झाला होता. म्हणजे त्याआधी...

काहीतरी हातात धरायला हवे म्हणून त्यांनी कप उचलायला हात पुढे केला, आणि तो तिथेच थांबला. त्यांच्या पांढऱ्या कपाच्या कानावर एक ठसा होता. त्यांचाच पूर्ण अंगठा, मधोमध जुन्या भाजल्याच्या व्रणाची रेघ. निळा.

विजेरी आठवली. उमेदवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुकादमाने कानाला धरून शिकवले होते : काम संपले की विजेरीतला मधला सेल उलटा करून ठेवायचा. पिशवीत बटण दाबले गेले, तर रात्रभर सेल जळतात. आणि उद्या खाली कोणी अंधारात अडकलेला असतो. चाळीस वर्षे, रोज संध्याकाळी, मन दुसरीकडे असताना झाकण फिरायचे, सेल पालटायचा, झाकण बसायचे. मूठ, झाकण, तीन सेल. हाताला दोन्ही सारखेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांनी अंगठा मुठीत मिटून घेतला. समोर जावयाची नजर कपाच्या कानावर होती. ती तिथे केव्हापासून होती, कोण जाणे. लेक अजून तलवारीकडे पाहत होती. तिने बटण सोडले. उजेड गेला आणि सकाळ एकदम मळकी वाटली.

"एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही उघडलंत तेव्हा सेल कसा होता? उलटा होता?"

दोन अक्षरांचे उत्तर होते, आणि त्यापलीकडे एक कुलूप. अप्पांना वाटले, आपणच बोलावे. पण त्यांनी जावयाकडे पाहिले, तसे, जसे लिफ्टमध्ये अडकलेले लोक वर पाहायचे.

"मी विचारतेय तुम्हाला," लेक म्हणाली. "उलटा होता की नाही?"

जावई उठला. त्याने आपला कप उचलला, मग हात लांब करून अप्पांचाही. निळा अंगठा निळ्या ठशावर बरोबर बसवला, दोन्ही कप एकाच हातात धरले, आणि तो आत मोरीकडे निघून गेला.