साठ हजारांचा पियानो

"विकायचा म्हणजे? आणून चार दिवस नाही झाले!" व्हर्नाने पियानोच्या देणगीचा सहीचा कागद छातीशी धरला.

"छप्पर गळतंय, व्हर्ना. गाण्यांनी गळती थांबते का?" वृद्ध केंद्राचा मॅनेजर गॅरेट वैतागला.

ओहायोतल्या या केंद्रात व्हर्ना एकवीस वर्षं देणग्यांच्या पावत्या लिहीत होती आणि दर शुक्रवारी म्हाताऱ्यांच्या गाण्यांना साथ करत होती. जुन्या पियानोच्या अकरा पट्ट्या मुक्या. तेवढी जागा मंडळी तोंडाने भरून काढत. आता कुठे नशीब उघडलं, तर हा बाबा ते विकायला निघाला!

नवा पियानो ऑल्ड्रिचसाहेबांनी दिलेला. बायकोसाठी कधीकाळी बारा हजार डॉलरला घेतला होता. ती गेली आणि पियानो धूळ खात पडला. किंमत ठरवणाऱ्याने साठ हजार लिहिले, तेवढे उत्पन्नातून वजा झाले, की साहेबांचा कर बावीस हजारांनी कमी. व्हर्ना दर रविवारी चर्चमध्ये दहा डॉलर टाकी, त्याचं सरकारला सोयरसुतक नव्हतं. श्रीमंताचं दान असंच, एका हाताने द्यावं नि दुसऱ्याने घ्यावं! पण त्या कागदाची ओळन्‌ओळ तिला पाठ होती.

"हे वाचा. केंद्राच्या कामाला वापरू, खाली तुमचीच सही. तीन वर्षांच्या आत विकला तर सरकारला कळवावं लागतं. मग साहेबांची सूट साठ हजारांवरून मूळच्या बारा हजारांवर येते. विचारू त्यांना?"

गॅरेटने कपाळाला हात लावला. तिने फोन लावलासुद्धा.

"विकताय?" पलीकडून साहेब ओरडले. "खबरदार! वाजवा, रोज वाजवा! मी येतो बघायला."

शुक्रवारी साहेब खरंच हजर. सूर लावणारा माणूस त्यांनी स्वखर्चाने आधीच धाडला होता. आपल्या हिशेबनीसाला दाखवायला त्यांनी फोनवर चार फोटो काढले.

"तुमच्या मिसेस काय वाजवायच्या?" व्हर्नाने विचारलं.

साहेबांनी हलकेच एक चाल गुणगुणली. ती चाल व्हर्नाच्या बोटांना ठाऊक होती; ती वाजवू लागली. दुसऱ्या ओळीला फोन खिशात गेला आणि साहेब गाऊ लागले.

"बेसूर आहे मेला," नव्वदीची ॲग्नेस म्हणाली, "पण छाती आहे!" सगळे खो खो हसले, साहेबही.

मग कॉफीच्या खर्चाचा डबा फिरला. साहेबांनी वीसची नोट टाकली. सवयीने व्हर्नाने पावतीपुस्तक ओढलं.

"राहू दे गं," डोळे पुसत साहेब म्हणाले. "तेच परत वाजव."